सिझरनंतर दूध कमी वाटतंय? गोळीआधी बाळाचा काटा बघ

जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात माहेरी बाळंतपणाला आलेल्या २६ वर्षांच्या मुलीचं हे पत्र. नाव-गाव तिच्या विनंतीवरून गाळलं आहे. पहिलं बाळंतपण, कळा मध्येच थांबल्या म्हणून ऐनवेळी सिझर. मुलगा आता १९ दिवसांचा. जन्माचं वजन २ किलो ८५० ग्रॅम, पाचव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २ किलो ६००, आणि चौदाव्या दिवशी आशाताईंनी झोळीच्या काट्यावर केलं ते २ किलो ८६०. दूध चौथ्या दिवशी उतरलं. तोवर दवाखान्यात पावडरचं दूध दिलं होतं, ते आजही रोज दोनदा, ३०-३० मिली, बाटलीने चालू आहे. ती लिहिते:

"संध्याकाळी सहा ते दहा बाळ मला सोडतच नाही, सोडलं की रडतं. पाजून झाल्यावर पंप लावून बघितला तर जेमतेम २० मिली निघालं. छाती आता पहिल्यासारखी भरतही नाही. मावशी म्हणते, सिझरच्या बाईला कळा पूर्ण येत नाहीत म्हणून दूधही पूर्ण येत नाही. सासूबाई रोज फोनवर विचारतात, 'पोऱ्याले दूध पुरस का?' वहिनीला दोन वर्षांपूर्वी दूध वाढायला डोमपेरिडोनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातली एक पट्टी तिच्या कपाटात उरली आहे. १० मिलिग्रॅमची गोळी आहे, दिवसातून तीन घे म्हणते. शतावरीचा डबाही आणलाय. (खोकल्याने टाके ओढतात म्हणून गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या पण चालू आहेत. पट्टीवर क्लॅरिथ्रोमायसिन ५०० लिहिलंय.) सिस्टर, गोळी सुरू करू का? बाळाला काही होणार नाही ना?"

पोरी, तुझं पत्र वाचताना मी कंसातल्या ओळीपाशी थांबले. तू ती जाता जाता लिहिली आहेस, पण सगळ्यात महत्त्वाची तीच. म्हणून सदर छापून यायची वाट न बघता त्याच दिवशी तुला कळवलं, की कपाटातली पट्टी उघडू नकोस. कारण इथे सगळ्यांसाठी लिहिते. डोमपेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. तसं क्वचित घडतं, पण घडतं. शरीर हे औषध यकृतातून निचरून टाकतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिन नेमकी तीच वाट अडवतं. म्हणजे गोळी १० मिलिग्रॅमचीच घेतलीस तरी रक्तात औषध साचत जातं. त्यात क्लॅरिथ्रोमायसिनचा स्वतःचाही ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. या दोन गोळ्या एकत्र द्यायच्याच नसतात. एरिथ्रोमायसिन आणि बुरशीसाठी देतात ते फ्लुकोनाझोल किंवा किटोकोनाझोल यांच्याबाबतही हेच. खोकल्याच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने अर्ध्यावर सोडू नकोस, त्या अंगावर पाजताना चालतात.

आणखी एक. सिझरनंतर पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल देतात ना, ती शोधून काढ आणि पट्टीमागची बारीक अक्षरं वाच. त्यावर पँटोप्राझोल आणि डोमपेरिडोन अशी दोन नावं असली, तर हे औषध तुझ्या पोटात आधीपासूनच जातंय. अशा कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन असतं, म्हणजे वहिनीने सांगितलेल्या तीन गोळ्यांएवढं. तसं असेल तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करून दोन्ही पट्ट्यांची नावं वाचून दाखव. चक्कर, छातीत धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी असं काही जाणवलं, तर फोनवर न थांबता दवाखाना गाठायचा.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते.

तू विचारलंस, दूध वाढवायला गोळी घेऊ का. पण दूध कमी आहे हे कोणी ठरवलं? मावशीने ठरवलं, सासूबाईंच्या फोनने ठरवलं, आणि त्या २० मिलीच्या बाटलीने. बाळाला कोणी विचारलं नाही. ते तर काट्यावर सांगून गेलंय.

तूच लिहिलेले आकडे घेऊन बसू. बाळ जन्मलं २ किलो ८५० चं. पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर काळजी नसते, दहाकडे जायला लागलं की आम्ही बारकाईने बघतो. तुझ्या बाळाचं २५० ग्रॅम उतरलं, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत. सिझरमध्ये आईला सलाइनच्या बाटल्या लागतात, त्यातलं पाणी बाळाच्या अंगातही जातं. मग बाळ जन्मतः थोडं जास्त भरतं आणि लघवीवाटे ते पाणी गेलं की वजन जास्त उतरल्यासारखं दिसतं. पुढे चौदाव्या दिवशी ते २ किलो ८६० भरलं. नऊ दिवसांत २६० ग्रॅम, रोजचे जवळपास २९. या वयाचं बाळ रोज २० ते ३० ग्रॅम वाढलं की आम्ही आईची पाठ थोपटतो.

तू म्हणशील, ते पावडरच्या दुधावर वाढलं असेल. करू हिशोब. या वयाच्या बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं, म्हणजे तुझ्या बाळाला ४३० च्या आसपास. डब्यातलं गेलं ६० मिली. एखाद्या दिवशी तीनदा दिलं असलं तरी ९०. राहिलेलं साडेतीनशे मिली कुठून आलं? ते तुझ्या अंगातून आलं, पोरी. मोजायला भांडं नव्हतं, म्हणून कोणाला दिसलं नाही.

एक शंका मात्र मलाही आहे, ती लपवत नाही. दवाखान्याचा काटा वेगळा आणि आशाताईंचा झोळीचा वेगळा. दोन काट्यांत पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून या एका आकड्यावर मी "सगळं छान आहे" म्हणणार नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. एकविसावा परवाच आहे. त्याच काट्यावर, दुपटं-झबलं सगळं काढून वजन करायला लाव.

तोवर लंगोट मोज. पाच-सहा दिवसांनंतर पोटभर दूध मिळणारं बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची सू करतं, आणि पहिल्या महिन्यात बहुधा तीन-चार वेळा पिवळी, पातळसर शी. दाराच्या मागे कॅलेंडर असेल, त्यावर रेघा मारत जा. मावशीलाच काम दे ते. रेघा स्वतःच्या हाताने मारल्या की तिचाही विश्वास बसेल.

ज्या तीन गोष्टींवरून तू घाबरलीस, त्या तिन्ही मी वॉर्डात हजारदा ऐकल्या आहेत. संध्याकाळी बाळ छातीला चिकटून बसतं. ते दूध आटलं म्हणून बसत नाही. या वयाची पुष्कळ बाळं संध्याकाळी लागोपाठ, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पितात आणि मग रात्री एक लांब झोप काढतात. छाती भरत नाही म्हणतेस, तर चौथ्या दिवशीच्या त्या दगडासारख्या छातीत दुधाबरोबर सूजही होती. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, छाती मऊ लागते आणि दूध जिथल्या तिथे असतं. आणि पंप तर तू पाजून झाल्यावर लावलास. जेवण उरकल्यावर पातेल्यात उरलं ते २० मिली. शिवाय यंत्राला बाळासारखं ओढता येत नाही. भरपूर दूध असलेल्या बाईलाही पंपाने थेंबभरच निघतं, असं होतं.

आता मावशीच्या बोलण्याकडे येते. मावशीचा राग करू नकोस, तिने ऐकलं तेच ती सांगते. पण खरं काय ते तुला माहीत हवं. पोटात असताना वार जी संप्रेरकं बनवते, त्यातलं एक दुधाला अडवून धरतं. वार बाहेर आली की ती अडवणूक संपते आणि दोन-तीन दिवसांत दूध उतरतं. वार आपोआप पडली काय आणि डॉक्टरांनी पोटातून काढली काय, शरीराला निरोप एकच जातो. कळा किती आल्या यावर दूध ठरत नाही. सिझरच्या बाईला दूध एखाद-दोन दिवस उशिरा उतरतं हे खरं, पण त्याची कारणं दुसरी. बाळ तासाभरात छातीला लावायचं, ते सहा-आठ तासांनी लावलं जातं. टाक्यांच्या दुखण्याने बाई कुशीला वळायला घाबरते. त्या अवधीत बाळाचं पोट पावडरच्या दुधाने भरलेलं असतं, मग ते ओढत नाही. ओढलं नाही की शरीराला कळत नाही, बाहेर कोणी भुकेलं आहे ते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याची नोंद आहे. पाचातल्या एका आईचं दूध कायमचं अधुरं राहत असतं, तर घरोघरी दिसलं असतं.

आणि मावशीला एवढं विचार, बाळाला चीक पाजला होता का. यावलकडच्या एका खेड्यातली बाळंतीण मला अजून डोळ्यांपुढे दिसते. सिझरचा दुसरा दिवस. तिची आत्या कॉटवर बसून तिची छाती फडक्यावर पिळत होती, "पिवळं आहे, खराब आहे" म्हणत. फडक्यावर हळदीसारखे डाग पडले होते. मी स्टीलचा चमचा उकळून आणला, तिच्या छातीखाली धरला, आणि दहा मिनिटांत अर्धा चमचा भरला, मधासारखा दाट. बाळाला ओठाच्या कडेने दिला. चटकन गिळून त्याने जीभ बाहेर काढली. आत्याबाई बघत राहिल्या आणि दुपारी त्यांनीच चमचा मागितला. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतं, आणि देवाने तेवढंच दिलेलं असतं.

गोळीबद्दल मी अजून पूर्ण बोलले नाही. ती विष आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. डोमपेरिडोन मुळात उलटी-मळमळीचं औषध. त्याने मेंदूतून येणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन छातीत दूध तयार करतं. म्हणून डॉक्टर ते दुधासाठीही वापरतात. कमी दिवसांच्या बाळांच्या, हाताने किंवा पंपाने दूध काढून द्यावं लागणाऱ्या आयांवर जे अभ्यास झाले, त्यात दूध सरासरीने रोज ९० मिलीच्या आसपास वाढलं. आईच्या दुधात उतरणारा औषधाचा अंश अगदी थोडा असतो. ही एक बाजू. दुसरी अशी, की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दुधासाठी हे औषध वापरू नका असा इशारा दिला, हृदयाच्या कारणाने. तिथे त्याला मान्यताच नाही. युरोपात २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीपुरतं ठेवलं, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि शक्यतो आठवड्याच्या आत. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय ते मिळायला नको, पण मिळतं, आणि कपाटात तर उरतंच.

जिचं बाळ कमी दिवसांचं म्हणून काचेच्या पेटीत आहे आणि जिला आठवडेच्या आठवडे दूध काढून पाठवायचं आहे, तिला या गोळीचा उपयोग होऊ शकतो. दूध मध्ये पूर्ण बंद झालं आणि पुन्हा सुरू करायचं आहे, तिलाही. बाळ नीट लावून, वारंवार पाजून, सगळ्या तपासण्या करूनही वजन खरोखर वाढत नाही, तिच्याबाबत डॉक्टर विचार करतात. तेव्हाही त्यांनी आधी विचारायला हवं, की घरात कोणाला हृदयाचा त्रास आहे का, तू कधी अचानक बेशुद्ध पडलीस का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. गरज वाटली तर ते ईसीजी काढतील. सुरू केली तर एक-दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा, नाही दिसला तर उगीच ओढत बसायचं नाही. खूप आठवडे घेतलेली असली तर एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची; एकदम थांबवल्यावर काहींची झोप उडते, जीव घाबरा होतो. काही ठिकाणी याऐवजी मेटोक्लोप्रामाइड देतात. ते मेंदूत जास्त शिरतं, मन उदास करू शकतं. ओल्या बाळंतिणीला आधीच जपायचं असतं, तिला ते सहज देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गोळी कोणतीही असो, ती फक्त दूध बनवायचा निरोप देते. छातीतून दूध बाहेर काढायचं काम तिच्याने होत नाही. दूध आत साठून राहिलं की छातीच पुढचं दूध कमी करते. म्हणजे बाळ नीट लागत नसेल तर गोळी खाऊनही आठवड्याने तू तिथेच असशील.

म्हणून हे आठ दिवस बाळ लावण्याकडे लक्ष दे. टाक्यांवर वजन पडतं म्हणून तू त्याला ताणून, दुरून पाजत असशील, असं मला वाटतं. पाजण्याच्या वेदनेत पान्हा फुटत नाही. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन पाजताना चालतात, "बाळाला उतरेल" म्हणून टाळू नकोस. कुशीवर झोप, पाठीला उशी लाव, बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकू दे. बसून पाजायचं तर बाळाला काखेत धर, पाय तुझ्या पाठीकडे, खाली दोन उश्या. असं धरलं की टाक्यांना धक्काच लागत नाही. स्तनाग्र त्याच्या नाकासमोर आण. त्याने जांभईसारखा मोठा आ केला की त्याला छातीकडे ओढ, तू वाकू नकोस. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय. मग पंखा बंद करून कान दे. आधी भराभर ओढेल, मग चाल संथ होईल आणि "क्" असा हलका आवाज येईल. तो गिळण्याचा आवाज. तो यायला लागला की घड्याळाकडे बघायचं कारण नाही. आवाज थांबला की छाती हाताने हलकेच दाब, पुन्हा येईल. ती बाजू संपली की दुसरी.

दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा तरी पाजायचं, आणि रात्रीची पाजणी चुकवायची नाही. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. "बाळंतिणीची झोप होऊ दे" म्हणून रात्रीची बाटली तुझी आई देत असेल, तर तिचं प्रेम कळतं, पण तीच वेळ सगळ्यात जास्त दूध मागवायची असते. आईने त्याऐवजी बाळ उचलून तुझ्याकडे द्यावं, पाजून झालं की ढेकर काढावा, आणि सकाळी आठपासून दोन तास तुला कोणी उठवू नये. दुपारी बाळाला लंगोटावर, उघड्या छातीवर घेऊन पड. वर ओढणी घे. कातडीला कातडी लागली की बाळाची भूक जागी होते आणि तुझा पान्हाही.

पावडरचं दूध एकदम बंद करू नकोस. आधी बाटली बंद कर. चमचा-वाटीने दे, किंवा घरात आजीच्या वेळचं बोंडलं (दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) असेल तर उकळून घे. बाटलीत दूध आपोआप पडतं, मग बाळ छातीवर मेहनत करायला कंटाळतं. आधी दोन्ही बाजू पाजायच्या, मग लागलंच तर वरचं. परवाचं वजन चांगलं आलं तर ३० चं २० कर, तीन-चार दिवस लंगोटाच्या रेघा बघ, मग एक वेळ सोड. आणि डब्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पावडर घाल. डबा पुरावा म्हणून पातळ केलेल्या दुधाने सुकलेली बाळं मी बघितली आहेत.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. पत्रात तू म्हटलं नाहीस, पण सिझरच्या बाईला पाणी मोजून देतात, "टाके फुगतील" म्हणून, हे मला ठाऊक आहे. डाळ बंद, भात बंद, आणि जिथे रावेर-यावलची केळी ट्रकने देशभर जातात तिथे बाळंतिणीला केळं बंद, "टाक्यांत पू होतो" म्हणून. यातलं काही खरं नाही. पू जंतूंनी होतो. तहान लागेल तेवढं पाणी पी; आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जातो, पाजायला बसताना शेजारी तांब्या भरलेला हवा. दादरची (ज्वारीची) भाकरी, तूरडाळ, मेथीची भाजी, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं, केळं, सगळं खा. हळीवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आनंदाने खा. हळिवात लोह आहे, लाडवात ताकद आहे, आणि कोणी आपल्यासाठी लाडू वळले याचंही बाईला बळ येतं. दूध मात्र लाडवाने येत नाही, बाळाच्या ओढण्याने येतं. शतावरीचंही तसंच. तिने दूध वाढतं याचा पुरावा तोकडा आहे. घ्यायची तर दूध-साखरेतून चमचाभर घे, पण तिच्या भरवशावर पाजणं कमी करू नकोस. साखरेचा त्रास असलेल्या बायांनी डब्यावरची साखर बघावी. मेथीदाण्यानेही रक्तातली साखर उतरते, त्याचाही अतिरेक नको. बाळाला मात्र सहा महिने पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाही. एवढ्या उन्हातही तुझ्या दुधात त्याला पुरेल इतकं पाणी असतं.

एवढं सगळं सांगून आता एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक सिझरची बाळंतीण होती. फार रक्त गेलं होतं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. तिची छाती एकदाही भरली नाही. मी दहा दिवस तिला एकच सांगत राहिले, "लाव, लाव, येईल." बाळ वाळत गेलं आणि मी तिच्यावरच चिडत होते. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा कळलं, की रक्तस्रावाने मेंदूतल्या, प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या ग्रंथीलाच मार बसला होता. तिला दूध येणारच नव्हतं. त्या बाळाला वेळेवर वरचं दूध द्यायला हवं होतं, ते माझ्या हट्टाने उशिरा मिळालं. तिचा चेहरा मी विसरले नाही.

म्हणून परवा काट्यावर वजन कमी भरलं, किंवा जेमतेम तेवढंच राहिलं, तर हे पत्र बाजूला ठेव आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे ने, स्वतःला तुझ्या प्रसूतितज्ज्ञांना दाखव. ते बाळाची जीभ खाली बांधलेली आहे का बघतील. तुझं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतील. रक्तस्राव अजून जास्त आहे का, वास येतो का विचारतील, कारण वारेचा तुकडा आत राहिला तर दूध अडतं. पाळी न येण्याचा, पीसीओडीचा जुना त्रास असला तर सांग. पाळणा लांबवायची गोळी कोणी सुरू केली असेल तर तेही सांग. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होतं. आणि तेव्हा वरचं दूध वाढवायला सांगितलं, तर डोळ्यांत पाणी न आणता दे. उपाशी बाळाला दूध देणं यात आईचा काही पराभव नाही.

वजनाची वाट न बघता लगेच निघायचं, असंही काही असतं. बाळ उठवूनही उठत नाही, प्यायला कंटाळतं. दिवसात सहापेक्षा कमी वेळा सू होते किंवा लंगोटावर विटकरी डाग पडतात. पिवळेपणा तळपायापर्यंत आला. अंग तापलं किंवा गार पडलं. तुला थंडी वाजून ताप आला, छातीवर लाल, दुखरा कडक भाग झाला, टाक्यांतून पू आला, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली. १०८ ला फोन कर. साधी शंका असेल तर १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, ते मी सारांशात घेतलं नाही. "नॉर्मल झाली नाही, आता दूधही नाही, मी कसली आई." नवरा सुरतेला, तू माहेरच्या मागच्या खोलीत, आणि दर दोन तासांनी कोणीतरी छातीकडे बघून विचारतंय. रडू येणारच. पहिले आठ-दहा दिवस बहुतेकींना येतं. पण आता एकोणीस दिवस झाले. अजूनही रोज येत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, सगळं नको वाटत असेल, तर ते आजारपण असू शकतं आणि ते बरं होतं. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, फुकट. डॉक्टरांनाही हे सांग, दुधाइतकंच मोकळेपणाने.

सासूबाईंच्या फोनला आता दुसरं उत्तर दे. "पुरतं का" विचारलं की म्हण, "आज सात लंगोट झाले." त्या जुन्या बाईला लंगोटाची भाषा बरोबर कळते. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, रोजचा फोन आधी त्याच्या आईला करायचा, तुझ्या बाजूने.

वहिनीची पट्टी तिला परत देऊ नकोस, ती उद्या दुसऱ्या कोणा बाळंतिणीला देईल. दोन वर्षं जुनी आहे, मुदतही बघ. औषधाच्या दुकानात नेऊन दे किंवा गोळ्या मोडून कचऱ्यात टाक.

परवा आशाताई आल्या की काट्यावरचा आकडा, त्या दिवसाच्या रेघा, आणि काखेत धरून पाजताना तो आवाज आला का, एवढं मला लिहून पाठव. पंप तोवर ट्रंकेत ठेवून दे.